इंजिनाचा ताळा



२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नेरूळजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आणि आमच्या वर्गातही वैमानिक होण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. म्हणून त्या शिक्षणातला एक धडा आज सांगतो.

गोंदियाजवळ बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेच्या ताफ्यात डीए-४२ हे दोन इंजिनांचे लहान विमान आहे. अशा विमानावर शिकवताना शिक्षक मुद्दाम एका इंजिनाचा जोर काढून घेतात. लगेच विमानाचे नाक त्या बाजूला वळते. विद्यार्थ्याने चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाबून ते सरळ करायचे. वेग घसरू द्यायचा नाही. तो फार कमी झाला तर सुकाणू पुरे पडत नाही आणि विमान उलटू शकते.

मग जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन गेले असे समजायचे. परंतु तेवढ्यावर विसंबायचे नाही. त्या इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही, तरच ते पूर्ण बंद करायचे आणि पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न राहता धारेवर येतील असे करायचे.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे ट्रान्सएशियाच्या विमानाच्या एका इंजिनाचा जोर गेला. वैमानिकाने चुकून चांगले इंजिनच बंद केले. ४३ माणसे प्राणास मुकली.

मुलांनो, गणिताचा ताळा करून पाहा, असे आम्ही शिक्षक सांगतो तेव्हा तुम्हाला कंटाळा येतो. त्या दिवशी एक ताळाच राहिला होता. ही सवय शाळेतच लावून घ्या.