पहिली सीट



लंडनच्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागले तेव्हा वाटलं, आता कोर्ट गाजवणार. कसलं काय! ट्रेनिंग दोन वर्षांचं. साधारण दर सहा महिन्यांनी खातं बदलतं, त्याला ‘सीट’ म्हणतात. माझी पहिली सीट बँकांच्या कर्जव्यवहारांची. काम काय, तर कुणाची सही आली, कुणाची राहिली याची यादी सांभाळणं.

एका हमीपत्रावर साक्षीदाराची सही नव्हती आणि मी यादीत टिक केली होती. रात्री अकराला लक्षात आलं. नोकरी जाणार, असंच वाटलं. तरी मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, “बरं झालं आत्ता सांगितलंस. पैसे सकाळी जाणार आहेत.”

सेक्रेटरीकाका, आपल्या कन्व्हेयन्सची फाईल द्या. सुट्टी आहे तोवर सह्या तपासते.