ग्रंथी नाही, तरी टी-थ्री आहे!

सकाळची ओपीडी बंद ठेवून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

ठाकूरद्वारच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळालेल्यांचं विशेष अभिनंदन!

परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं. थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि मग तिथे किरणोत्सारी आयोडीन घेतलेले रुग्ण आपल्याकडेही येतात. त्यांची ग्रंथी उरलेली नसते, पोटात जाते फक्त टी-फोर या थायरॉइड हार्मोनची गोळी. तरी रक्तात टी-थ्री हे दुसरं हार्मोनही सापडतं. ते येतं कुठून? १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी अशाच ग्रंथीविना जगणाऱ्या रुग्णांत दाखवून दिलं, की टी-फोरचं टी-थ्री शरीरातच होतं. निरोगी माणसातही सुमारे ८० टक्के टी-थ्री ग्रंथीबाहेर तयार होतं.

हे काम तीन डिआयोडिनेज एन्झाइमांचं. तिघांच्याही गाभ्यात सेलेनियम. दुसऱ्या प्रकारचं एन्झाइम टी-फोरच्या बाहेरच्या कड्यावरचा आयोडीनचा एक अणू काढतं आणि हार्मोन कामाला लागतं. तिसरं आतल्या कड्यावरचा काढून हार्मोन निकामी करतं. पहिल्याला दोन्ही जमतं. चाळीच्या टाकीत पाणी एकच, पण प्रत्येक खोलीचा नळ वेगळा, तसा मेंदू, स्नायू, वार आपापला पुरवठा ठरवतात. वारेत तिसऱ्याचा पहारा असतो, म्हणून आईच्या जादा हार्मोनपासून बाळ बऱ्याच अंशी वाचतं.

हाच पहारा अंगाशीही येतो. २००० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यकृतात रक्तवाहिन्यांची गाठ असलेल्या एका तान्ह्या बाळाची नोंद प्रसिद्ध केली. गाठीतलं तिसरं एन्झाइम इतकं हार्मोन गिळत होतं, की ग्रंथीला ते पुरवता येईना. गोष्ट दुर्मीळ, पण मला ती पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवून गेली.

आता आपल्या घरचं. न्यूमोनियाने आयसीयूत पडलेल्या आजोबांचा रिपोर्ट येतो. टी-थ्री कमी, टीएसएच जवळपास ठीक. लॅबने आकड्यापुढे तारा छापलेला असतो, नातेवाईक फोनवर, आणि आपला हात प्रिस्क्रिप्शनकडे वळतो. खरं तर आजारात पहिलं एन्झाइम मंदावतं, तिसरं जोर धरतं, टी-थ्री उतरतं. ग्रंथीचा आजार नसताना तो आकडा गोळीने वर आणण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. मुळात ती तपासणी तेव्हा मागवायचीच कशाला?

आजच्या वक्त्यांना यजमान या नात्याने एकच आर्जव: उत्परिवर्तनं आणि जनुकं जरूर सांगा, पण टी-थ्री कधी तपासायचं आणि कधी नाही, हे जेवणाच्या सुट्टीआधी सांगा. जेवणानंतर सभागृहात कोण जागं राहील, याची हमी स्वागत समिती देत नाही.