टॉवरचा आवाज कुठे थांबतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'रेंज' हा शब्द आता मराठी शब्दकोशात घालायला हरकत नाही. पाऊस येतो-जातो, वीज येते-जाते, तशी रेंजही येते-जाते. तळघरात ती मिळत नाही, घाटात तुटते आणि गच्चीवर चढलं की दोन काड्या दिसू लागतात. पण ही रेंज येते कुठून, असं विचारलं की बरेच जण आभाळाकडे बोट दाखवतात. मोबाईल सॅटेलाईटवर चालतो, ही समजूत अजून पक्की आहे.

खरं म्हणजे आपला मोबाईल बोलतो तो जवळच्या टॉवरशी. शहरात हे अंतर काहीशे मीटरांचं, खेड्यात काही किलोमीटरांचं. टॉवरपासून पुढे आपला आवाज बहुतेक वेळा जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून जातो. तो पुन्हा हवेत येतो तो पलीकडच्या माणसाजवळच्या टॉवरवरून. पुण्याहून नागपूरला फोन लावला, तर एवढ्या लांबच्या वाटेत बिनतारी भाग मुख्यतः दोन टोकांचाच. टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी असलेली यंत्रं यांना मिळून बेस स्टेशन म्हणतात. आजचं बोलणं त्याच्याविषयी आहे.

माझं हे भाषण तुम्ही रेडिओवर ऐकता आहात. रेडिओचं काम एका अर्थाने सोपं. एक बोलतो, लाखो ऐकतात. त्यासाठी एक उंच मनोरा आणि ताकदवान प्रक्षेपक पुरतो. मध्यम लहरींवर १०० किलोवॅटचे, म्हणजे १ लाख वॅटचे प्रक्षेपक असतात. टेलिफोनचं तसं नाही. तिथे प्रत्येकालाच बोलायचं असतं. सुरुवातीला रेडिओचीच रीत टेलिफोनला लावून पाहिली गेली. अमेरिकेत १९४६ साली मोटारीतले टेलिफोन आले, तेव्हा अख्ख्या शहरासाठी एक मोठा मनोरा आणि मोजक्या लहरी असत. आवाज शहरभर पोचे, पण एकाने लहर अडवली की ती शहरभर अडे. १९७६ सालीसुद्धा न्यूयॉर्कमध्ये बेल कंपनीच्या या सेवेवर एका वेळी जेमतेम १२ संभाषणं होऊ शकत.

यावरचा तोडगा बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी १९४७ सालीच कागदावर मांडला होता. तोडगा उलटाच होता. मनोऱ्याची ताकद वाढवू नका, कमी करा. एका मोठ्या मनोऱ्याऐवजी अनेक लहान मनोरे उभारा आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या वस्तीच्या वेशीवर थांबू द्या.

लाउडस्पीकर नव्हते तेव्हाचं एखादं मोठं गाव डोळ्यांसमोर आणा. चार मोहल्ले, चार मशिदी. बांग देणाऱ्याचा गळा आपल्या मोहल्ल्यापुरता पोचे. खालच्या आळीतलं कीर्तन वरच्या आळीतल्या भजनाच्या आड येत नसे. आवाज थोडक्यात थांबायचा, म्हणून एकाच वेळी चार ठिकाणी चार कामं चालत. सेल्युलर फोनचं सगळं शास्त्र या थांबण्यावर उभं आहे. 'सेल' म्हणजे कप्पा. नकाशावर हे कप्पे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी काढतात. जुन्या पद्धतीत शेजारच्या कप्प्याला वेगळ्या लहरी देत आणि थोडं दूर गेलं की त्याच लहरी पुन्हा वापरत. त्यामुळे मूठभर लहरींवर लाखो माणसं बोलू लागली. अशी पहिली व्यापारी सेवा १९७९ मध्ये टोकियोत सुरू झाली. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल फोन लावला.

आता टॉवरकडे नीट पाहू. वर तीन बाजूंना तोंड करून उभ्या लावलेल्या लांबट पेट्या दिसतात. त्या अँटेना. प्रत्येक बाजू वर्तुळाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२० अंश सांभाळते. या पेट्या बहुधा किंचित खाली झुकलेल्या असतात, म्हणजे आवाज पुढच्या कप्प्यात सांडत नाही. ढोलकीसारखे गोल दिसतात ते शेजारच्या टॉवरशी बोलण्यासाठी, जिथे फायबर पोचलेलं नसतं तिथे. खाली कपाटासारख्या पेटीत यंत्रं, शेजारी बॅटऱ्या आणि बऱ्याच ठिकाणी डिझेलचा जनरेटर.

टॉवर बोलतो त्यापेक्षा त्याचं ऐकणं अवघड. ९०० मेगाहर्ट्झच्या टू-जी मोबाईलची ताकद जास्तीत जास्त २ वॅट, फोर-जीची साधारण पाव वॅटहून कमी. इतका क्षीण आवाज भिंती, झाडं, पाऊस ओलांडून येतो आणि टॉवर तो गर्दीतून वेचून घेतो. टू-जीमध्ये त्याची रीत मुशायऱ्याच्या सूत्रसंचालकासारखी असते. एका लहरीवर आठ जणांना पाळीपाळीने बोलावलं जातं. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडी अधिक. पाळ्या इतक्या भरभर फिरतात, की आपण अखंड बोलतो आहोत असंच आठही जणांना वाटतं. फोर-जीमध्ये वाटणी वेळेची आणि लहरींच्या बारीक पट्ट्यांची मिळून होते, आणि टॉवर ती दर सेकंदाला हजार वेळा नव्याने करतो.

दूरच्या माणसाचा आवाज उशिरा पोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसू शकतो. म्हणून टॉवर त्याच्या फोनला सांगतो, तू जरा आधी सुरुवात कर. ही सवलत टू-जीत नेहमीच्या पद्धतीने साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच देता येते. समुद्राच्या सपाटीवर लहर त्याहून पुढेही जाऊ शकते, पण पोचूनही पाळी चुकलेली असते.

घाटातून जाणाऱ्या एसटीत बसून तुम्ही बोलता, तेव्हाही पडद्यामागे असंच काम चालतं. तुमचा फोन आसपासच्या टॉवरांचा जोर सतत मोजतो आणि आपल्या टॉवरला कळवत राहतो. पुढच्या टॉवरचा जोर वाढला की तुम्हाला पत्ता न लागता बोलणं त्याच्या हवाली केलं जातं. पुढच्या टॉवरवर जागा नसेल किंवा मध्ये डोंगर आडवा आला, तर बोलणं तुटतं.

आता थोडं भीतीविषयी. टॉवरला विरोध करणारी माणसं अडाणी नसतात. घरात लहान मूल असलं की माणूस विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं, हेही खरं. मात्र त्यामागचा मर्यादित पुरावा मुख्यतः कानाला लावलेल्या फोनविषयीचा होता. आणि इथेच टॉवरचा एक गुण लक्षात घ्यायला हवा. टॉवर जवळ असला की तो फोनला हळू बोलायला सांगतो. दूर असला की फोनला ओरडावं लागतं. रेंज कमी असते तिथे बॅटरी लवकर उतरते, ती यामुळेच. म्हणजे वस्तीतला टॉवर हटवला, की कानाजवळचा फोन ताकद वाढवतो.

अँटेनाचा मुख्य झोत समोर जातो. थेट खाली थोडंच पडतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसंच हे. समोरच, त्याच उंचीवर खिडकी असेल तर प्रश्न वेगळा, आणि तो विचारलाच पाहिजे. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशाने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली होती, आणि २०१७ मध्ये नागरिकांना टॉवरची माहिती मिळावी म्हणून सरकारने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केलं. भांडायचंच तर मोजमाप मागून भांडावं.

पण मला दुसरी बाजू अधिक सलते. टॉवरचा आवाज थोडक्यात थांबतो, याचा अर्थ तो जवळ असावाच लागतो. सह्याद्रीच्या एखाद्या दरीतल्या चाळीस घरांच्या वाडीला शहराचा मोठा टॉवर उपयोगाचा नाही. मध्ये डोंगर आहे. तिथे वेगळा टॉवर हवा, आणि चाळीस घरांच्या बिलातून त्याचं डिझेलही सुटत नाही. मग रेशनसाठी, बँकेच्या निरोपासाठी, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी माणसं टेकडीवर चढतात. बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईला टेकडी चढता येत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली, ती अशाच गावांसाठी.

टॉवर असला तरी काम संपत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये माणसांना घरच्यांची खुशाली कळेना. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जगतो, बॅटरी संपली की डिझेलवर, आणि रस्ते बुडाले की डिझेल येत नाही. २०२३ मध्ये चाचणी म्हणून देशभरातले मोबाईल एकदम मोठ्याने वाजले, ते आठवत असेल. त्या पद्धतीत टॉवर कोणाचा नंबर विचारत नाही. आपल्या कप्प्यातल्या चालू फोनांना एकच इशारा एकाच वेळी देतो. पूर येण्याआधी ती हाक मोलाची. मात्र हाक देणारा जागा असायला हवा.

म्हणून ग्रामसभेत पाणीयोजनेच्या पंपाची चौकशी होते तशी टॉवरचीही व्हावी. बॅटरी किती तास चालते? जनरेटर पुराच्या रेषेच्या वर आहे का? डिझेल कोण आणतं, आणि रस्ता बंद झाला तर कुठून आणतं? पावसाळ्यापूर्वी हे प्रश्न विचारले, तर ऐन वेळी लावलेला फोन लागण्याची शक्यता वाढेल.