तार तुटली, तरी कान शाबूत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, अर्थकारण शोभते. तारेचा हेडफोन घरच्या घरी बिनतारी कसा करावा, हा विषय त्या पंक्तीत बसण्याजोगा आहे काय, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. शंका रास्त आहे. परंतु रोजच्या वापरातल्या वस्तूच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची उमेद समाजात उरली आहे की नाही, हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

आज घराघरांत एखादा चांगला हेडफोन खणात पडून असतो. त्याच्यावर ही पाळी दोन प्रकारे येते. एक तर पिनेपाशी किंवा कानाच्या वाटीपाशी तार तुटते. किंवा तार शाबूत असते, पण नव्या मोबाइलला ती खुपसायला भोकच नसते. अॅपल कंपनीने २०१६ साली आपल्या फोनमधून हे भोक काढून टाकले आणि पुढे इतर अनेकांनी तोच कित्ता गिरवला. म्हणजे बिघाड तारेत किंवा फोनमध्ये, आणि शिक्षा मात्र कानाला!

कानाच्या वाटीत असते काय? एक लोहचुंबक, एक बारीक तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह गेला की पडदा थरथरतो आणि आपल्याला ध्वनी ऐकू येतो. ही रचना जपली तर वर्षानुवर्षे टिकते. आपल्याला बदलायचा आहे तो फक्त तिच्याकडे येणारा मार्ग.

या विद्येचा जन्मच मुळी घरगुती आहे. अमेरिकेतील युटा प्रांतातल्या नॅथानिएल बॉल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि १९१० साली तेथील नौदलाला पाठविले. नौदलाला ते पसंत पडले. आपल्याकडे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या चिमुकल्या खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून बिनतारी लहरींची उपकरणे घडविली. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली आणि दारूही उडविली. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर होती. आजच्या ब्लूटूथच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण अर्ध्या वितीच्या. नाते एकाच कुळातले आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. वस्तू तीनच लागतात: ब्लूटूथचा आवाज घेणारा छोटा बोर्ड, लिथियमचा एक सेल आणि तो चार्ज करणारी पट्टी. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मोबाइल दुरुस्त करणाराला विचारावे. त्याच्याकडे नसल्या तरी कोठे मिळतील हे त्याला ठाऊक असते. वाटी उघडून जुनी तार सोडवावी, बोर्डाच्या तारा कानाला जोडाव्यात आणि सोल्डरिंगचा डाख द्यावा. जुन्या बारीक तारांवर रंगीत लाखेसारखा थर असतो. तो खरवडल्याखेरीज डाख धरत नाही. आणखी एक मेख आहे. तारेच्या हेडफोनात दोन्ही कानांची परतीची तार एकच असते. काही बोर्डांना ही एकत्र तार चालत नाही. त्यांना प्रत्येक कानाच्या दोन तारा वेगळ्या लागतात. तसे न केल्यास बोर्ड जळण्याचा संभव असतो. म्हणून बोर्डाचा कागद आधी वाचावा, मग डाख द्यावा.

खरा धोका मात्र सेलचा आहे, आणि तो खानदेशात अधिक आहे. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. त्यापुढे भरू नये, फार रिताही होऊ देऊ नये. त्यासाठी संरक्षक पट्टी जोडलेलाच सेल घ्यावा. बाजारातली नेहमीची स्वस्त चार्जिंगची पट्टी एक अँपिअर प्रवाह देते. हेडफोनातल्या ५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला तो दुप्पट होतो. पट्टीवरचा १.२ किलोओहमचा रोधक काढून तेथे ५ किलोओहमचा बसविला की प्रवाह २५० मिलिअँपिअरवर येतो आणि सेल सुखाने भरतो. बोर्ड तीस-चाळीस मिलिअँपिअर घेत असेल, तर एका भरण्यात दहा-बारा तास ऐकता येते.

सामान्यतः लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात कोठे टेकतो, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणून पत्र्याच्या खोलीत भर दुपारी किंवा उन्हात उभ्या गाडीत हे यंत्र चार्जिंगला लावू नये, पहाटे लावावे. फुगलेला सेल तर कानाजवळ नेऊच नये. जी वस्तू आपण डोक्यावर घालणार, तिच्या बाबतीत काटकसर सेलमध्ये करू नये, हौसेत करावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेडफोनची तार धड असेल आणि अडचण फक्त फोनच्या भोकाची असेल, तर काही उघडण्याची गरज नाही. तार खुपसता येईल असा तयार ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, तो खिशाला अडकवावा. शिवाय ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो. गाणे किंवा व्याख्यान ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही. हेडफोन लावून पेटी किंवा तबल्याची साथ करू पाहणाऱ्याला जाणवते. त्याने तारेचाच हेडफोन ठेवावा.

मग एवढा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतात म्हणून, असे मी म्हणणार नाही. कधी वाचतात, कधी वाचत नाहीत. खटाटोप यासाठी, की वाटी उघडल्यावर एक गोष्ट डोळ्यांना दिसते. बिनतारी हेडफोनातही तार असतेच! हातभर होती, ती बोटभर झाली, इतकेच. हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला दुकानदाराचा 'हे आता टाकून द्या' हा शब्द ब्रह्मवाक्य वाटत नाही. तो विचारतो, बिघडले काय, ते दाखवा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ही चांगली गोष्ट झाली. पण हक्क कागदावर मिळतो, आणि तो वापरायला हात लागतो. आपल्या गावोगावच्या आयटीआयमधून असे हात दरवर्षी तयार होऊन बाहेर पडतात. त्यांच्यापुढे आपण नवी वस्तू विकण्याचेच काम ठेवायचे, की जुनी जगविण्याचेही, हे ठरविणे तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकांच्या हाती आहे. घरी गेल्यावर तो खण एकदा उघडून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.