डिस्प्ले नेमका केव्हा जातो?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांनी वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत पुष्कळ काही ऐकून घेतलं आहे. त्यामुळे ‘लॅपटॉपचा डिस्प्ले का जातो’ हा विषयही आज पचून जाईल, या भरवशावर मी उभा आहे. माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि या विषयावर मी रोज काउंटरमागून बोलतोच. आज फक्त समोर माइक आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत ऑफिस येऊन बसलं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तपासाचा धागा आपल्याच अंगणातून, कळवा-पडघा वाहिनीतून निघाला. एका सर्किटची देखभाल चालू होती, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि तिथे बिघाड झाला, असं राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं. पुढे सायबर हल्ल्याचा संशय आला आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवलं. सगळ्यांची वीज एकदम गेली की चौकशी बसते. आपल्या एकट्याचा डिस्प्ले दोन सेकंद जाऊन परत आला, तर फिर्यादी, साक्षीदार आणि चौकशी समिती, सगळं आपणच.

ही समिती बहुधा चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ‘काय बिघडलं?’ कायमचा बंद पडलेला डिस्प्ले असेल तर हा प्रश्न ठीक आहे. पण जाऊन परत येणारा डिस्प्ले ‘केव्हा जातो?’ हे विचारल्याशिवाय सापडत नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याचा विस्तार.

वेल्समध्ये अबरहोसान नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथलं ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता कोसळायचं. इंजिनिअरांनी चाचण्या केल्या, केबलचे मोठे तुकडे बदलले, तरी फरक शून्य. शेवटी ती माणसं लहरी मोजणारं यंत्र घेऊन भर पावसात सकाळी सहाला गावात फिरली. सातच्या ठोक्याला यंत्राने गडबड पकडली. एका घरी जुना टीव्ही रोज सातला लावला जायचा आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट गावाचं इंटरनेट पाडायचा. सप्टेंबर २०२० मध्ये ही हकिकत जगभर छापून आली. नवी केबल टाकून जमलं नाही, ते घड्याळाने जमवलं.

आपल्याकडे काय होतं? गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मधूनच ब्लॅक होतो.” मी विचारतो, केव्हा? उत्तर येतं, “केव्हाही.” मग मी लॅपटॉप दोन तास चालवून बघतो आणि त्याला काहीच होत नाही. घरी थयथयाट करणारं पोर शाळेच्या फाटकात शहाणं होतं, तसलाच प्रकार. म्हणून एक साधी वही करा. डिस्प्ले गेला की वेळ लिहा. चार्जर लावलेला होता की बॅटरीवर चालत होता? झाकण किती उघडं होतं? मशीन तापलं होतं का? व्हिडिओ चालू होता की नुसतं टायपिंग? आसपास काय ठेवलं होतं? आठवडाभराच्या नोंदी झाल्या की ‘केव्हाही’ हा शब्द आपोआप खोडला जातो.

आता प्रत्यक्ष काळोख झाला त्या क्षणाचं बोलू. पहिला हात पॉवरच्या बटणावर जातो, तो आवरा. आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे मशीन जागं आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. कंट्रोल आणि एस दाबून काम वाचवा. मग मोबाइलचा टॉर्च डिस्प्लेवर तिरका धरा. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही, त्याच्यामागे एलईडीची पट्टी असते. टॉर्चच्या उजेडात आयकॉन पुसटसे दिसले, तर चित्र पोहोचतं आहे आणि फक्त मागचा उजेड गेला आहे. ओएलईडी डिस्प्लेला मात्र ही परीक्षा लागू नाही, तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो.

पुढची परीक्षा दिवाणखान्यात आहे. घरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडा, विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबा आणि दोन्हीकडे तेच चित्र दिसेल अशी निवड करा. लॅपटॉप काळा झाला आणि टीव्ही चालू राहिला, तर दोष बहुतेक डिस्प्लेच्या बाजूचा, म्हणजे पॅनेलचा, केबलचा किंवा जोडणीचा. दोन्ही एकदम गेले, तर ग्राफिक्स, ड्रायव्हर, रॅम किंवा मदरबोर्डकडे बघायचं. एका केबलने निम्मे संशयित सुटतात.

यांतला आपल्या भागातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डिस्प्ले केबल. ती मदरबोर्डवरून निघून बिजागरीतून वर पॅनेलपर्यंत जाते आणि झाकण उघडता-मिटताना दर वेळी वाकते. तिचं प्रसिद्ध उदाहरण २०१६ च्या मॅकबुक प्रोचं. त्यातली पट्टीसारखी केबल उघडझाप करून करून झिजायची. आधी डिस्प्लेच्या तळाशी उजेडाचे पट्टे दिसायचे, पुढे झाकण ठरावीक कोनापलीकडे गेलं की उजेडच जायचा. आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये हे मांडलं आणि मे २०१९ मध्ये ॲपलने तेरा इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. २०१८ च्या मशीनमध्ये तीच केबल सुमारे दोन मिलिमीटर लांब केलेली आढळली. सगळा खेळ दोन मिलिमीटरचा!

आता आपली सकाळ बघा. डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये सॅक छातीशी धरलेली, तिच्यावर चारही बाजूंनी माणसं. त्या दाबाखाली झाकण, पॅनेल, बिजागरी सगळं चेपलं जातं. ऑफिसात पोहोचल्यावर झाकण एका कोपऱ्याला धरून खस्सकन उघडायचं, म्हणजे बिजागरीला पीळ. झाकण मधोमध धरून उघडा आणि सॅकमध्ये लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात ठेवा. संशय असेल तर झाकण एकदाच, सावकाश मागे-पुढे करून बघा. ठरावीक कोनात डिस्प्ले जात-येत असेल, तर उत्तर मिळालं. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा हलवलंत, तर उरलेल्या ताराही तुटतील.

दुसरा संशयित कोणाच्या स्वप्नातही येत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई कल्याणहून आल्या. एका दुकानाने त्यांना नवा डिस्प्ले टाकायला सांगितलं होतं. माझ्याकडे लॅपटॉप संध्याकाळपर्यंत नीट चालला. वही मात्र त्यांनी चोख ठेवली होती आणि तिच्यात दर वेळी एकच शेरा होता, ‘टाइप करताना’. सिनेमा बघताना एकदाही नाही.

मी म्हटलं, “ताई, इथेच बसून एक पानभर टाइप करा.”

दुसऱ्या ओळीला डिस्प्ले गेला. त्यांनी घाबरून हात उचलले आणि डिस्प्ले परत आला.

“घड्याळ काढा जरा.”

“घड्याळाचा काय संबंध?”

पट्ट्याला चुंबकाची कडी होती. मी ते घड्याळ नुसतं कीबोर्डच्या डाव्या कडेवरून फिरवलं, काळोख झाला. बाजूला घेतलं, उजेड आला. झाकण मिटलं हे मशीनला कळावं म्हणून झाकणात चुंबक आणि खाली तो ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. घड्याळाने त्याला फसवलं होतं. मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक हेच करतं आणि एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम केलं तरी हेच होऊ शकतं. बाईंचा नवा डिस्प्ले वाचला.

तिसरा संशयित सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये ग्राफिक्सने साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर नव्याने चालू केला जातो. तेवढ्यात पडदा काळा होऊन परत येतो. याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ या क्रमांकाने सापडते. तुमच्या वहीतली वेळ आणि ही नोंद जुळली, तर आधी ड्रायव्हर बदला, स्क्रू उघडू नका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली तरी ग्राफिक्स नव्याने सुरू होतं. आणखी एक कसोटी म्हणजे मशीन बायोसच्या पानावर अर्धा तास ठेवणं. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही डिस्प्ले गेला, तर विंडोज निर्दोष.

चार्जर काढताना-लावताना क्षणभर काळं होणं पुष्कळ मशीनमध्ये रिफ्रेश रेट बदलल्याने होतं, तो आजार नव्हे. बाहेरून जोडलेला मॉनिटर मात्र खुर्चीवरून उठताना जात असेल, तर हसू नका. गॅस-लिफ्टच्या खुर्चीवर बसता-उठताना विद्युत लहर उठते आणि ती व्हिडिओ केबल पकडते, हे डिस्प्लेलिंक कंपनीने स्वतः लिहून ठेवलं आहे. चांगल्या प्रतीची केबल हा त्यावरचा सोपा उपाय.

पावसाळ्याचंही सांगतो. खाडी आणि उल्हास नदीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. भिजलेल्या सॅकमध्ये रात्रभर राहिलेल्या लॅपटॉपच्या कनेक्टरवर गंज धरतो आणि संपर्क कधी होतो, कधी नाही. हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, कडक ऊन, यांतलं काहीही करू नका. कारागीर कनेक्टर काढून आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, साफ करतो. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं.

दुकानात जाण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, वही बरोबर न्या आणि दोन गोष्टी मागा. नवं पॅनेल बसवण्याआधी दुसऱ्या पॅनेलवर किंवा दुसऱ्या केबलवर चालवून दाखवा म्हणावं, आणि एका वेळी एकच भाग बदला म्हणावं. दोन भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही आणि बिल मात्र दोन्हींचं येतं. काढलेला भाग परत घ्या, वॉरंटी कागदावर घ्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे, आणि तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कारागिराचा वेळ दुरुस्तीत फार जात नाही, दोष स्वतःहून हजर होईपर्यंत वाट बघण्यात जातो आणि त्या वेळेचे पैसे तुम्ही भरता. वही त्या वेळेला कात्री लावते. आज काही जणांनी लॅपटॉप बरोबर आणलेले दिसतात. अध्यक्षांची परवानगी असेल तर सभा संपल्यावर मी अर्धा तास बाहेरच्या टेबलाशी बसेन. फक्त तिथे ‘केव्हाही जातो’ म्हणणाऱ्याचा नंबर शेवटचा.