मस्तक आणि मदतनीस : ख्रिस्ती घरात व मंडळीत स्त्रीचे स्थान



या व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय सुचविला तेव्हा एका स्नेह्यांनी शंका काढली, की हा तर ख्रिस्ती समाजाचा घरगुती प्रश्न. तो गावापुढे कशाला मांडायचा? शंका रास्त आहे. आपल्या शहरात छावणीतले ख्राइस्ट चर्च पुष्कळांनी बाहेरून पाहिले असेल; आत काय चालते याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. तथापि वसंत व्याख्यानमालेची चाल ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, त्यांच्याच मंडळाने पुढे सात वर्षांनी ज्या विदुषीचे पुण्यात स्वागत केले, तिलाच या प्रश्नाशी झगडावे लागले, आणि तेही इंग्लंडात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

प्रश्न दोन आहेत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. घरात पती हा पत्नीचा अधिकारी आहे काय? आणि मंडळीत, म्हणजे चर्च या नावाने जमणाऱ्या भक्तांच्या समुदायात, स्त्रीने पुरुषांना उपदेश करावा काय, पाळक व्हावे काय, प्रभुभोजनाची भाकर मोडावी काय? जगभर ख्रिस्ती लोकांत यावर आजही दोन तट आहेत. दोन्ही तट एकाच ग्रंथाचा आधार घेतात, हे विशेष.

आता ती हकीकत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू व शिकवू लागल्या. तेथील प्रमुख डोरोथिया बील या उदार बाई होत्या. १८८५ साली असा विचार निघाला, की रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे. लगेच हिंदुस्थानचा अनुभव असलेल्या बिशपांचा सल्ला विचारण्यात आला. लाहोरचे आणि मुंबईचे, दोन्ही बिशप प्रतिकूल. त्यांचे म्हणणे असे, की बाईने पुरुषांना शिकविले हे हिंदुस्थानात कळले तर तिकडच्या स्त्रियांत तिचे वजन राहणार नाही.

या आक्षेपाचा आधार शास्त्रवचन नव्हे, हिंदुस्थानची रूढी! आणि ही रूढी समजावून सांगितली जात होती कोणाला? तर अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला. ज्या अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी उडुपीच्या पंडितसभेपुढे जाऊन आपल्या कृत्याचे शास्त्राधारे समर्थन केले, त्यांच्या मुलीला! रमाबाईंनी कळविले ते थोडक्यात असे : माझ्या आईने तरुण पुरुषांना शिकविले त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकविले त्याला माझ्या पतींनी घेतली नाही, आता ती हरकत इंग्रज माणसांनी घ्यावी याचे मला आश्चर्य वाटते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटले, त्या बाईंचे हे आश्चर्य आम्हाला फार बोलके वाटते. त्यांना रागापेक्षा नवलच अधिक वाटले असावे.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण, आमच्या मते या सबंध वादाचे मर्म तिच्यात आहे. रूढी वचनाचे वस्त्र पांघरून येते. कधी ती इंग्रजी रूढी असते, कधी मराठी, आणि वचन कोठे संपते व रूढी कोठे सुरू होते हे ओळखायचे तर वचन स्वतः वाचता आले पाहिजे. वाचणारे आणि भाषांतर करणारे जोवर केवळ पुरुष होते, तोवर ही शंका कोणाच्या मनात फारशी आलीच नाही.

वचने कोणती, ते पाहू. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, की पती हा पत्नीचे मस्तक आहे. मराठी श्रोत्याने 'मस्तक' ऐकले की त्याच्यापुढे काय उभे राहते? घरचा कर्ता पुरुष. आमच्या मराठवाड्यात बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात, 'कारभारी' म्हणतात, 'घरधनी' म्हणतात. मग मस्तक म्हणजे मालक, असा अर्थ कोणी न शिकविता मनात बसतो. मूळ ग्रीक शब्द 'केफाले'. त्याचा लाक्षणिक अर्थ अधिकार की उगम, यावर पंडितांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले आहेत आणि वाद मिटलेला नाही. पण एक गोष्ट वादाची नाही. पत्नींनी पतींच्या अधीन असावे, हे जे वाक्य विवाहप्रसंगी हटकून वाचले जाते, त्यात अत्यंत जुन्या हस्तलिखितांत क्रियापदच नाही! ते आधीच्या वाक्यातून घ्यावे लागते. आणि आधीचे वाक्य तर सर्वांनाच उद्देशून आहे, की एकमेकांच्या अधीन व्हा. वाचताना आधीचे वाक्य गाळायचे आणि पुढच्यापासून सुरुवात करायची, ही युक्ती फार जुनी आहे. पुढे पतीला जे सांगितले आहे तेही सोपे नाही : ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती कर. जीव देण्याचे कलम बाजूला ठेवून अधीनतेचे कलम अमलात आणणारे पती आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि त्यांत ख्रिस्तीच आहेत असे नाही.

दुसरा शब्द उत्पत्तीच्या पुस्तकातला. आदामासाठी अनुरूप असा मदतनीस देव निर्माण करतो. 'मदतनीस' म्हटले की हाताखालचे माणूस, असे आपल्याला वाटते. हिब्रू शब्द 'एझेर'. स्तोत्रसंहितेत हाच शब्द देवाला लावला आहे. देव मनुष्याचा मदतनीस आहे, असे. तेव्हा मदत करणारा तो खालचा, हा अर्थ शब्दात नाही, आपल्या घराच्या रचनेत आहे. तिसरा शब्द फिबीचा. रोमकरांस पत्रात पौल तिला किंख्रिया येथील मंडळीची 'दियाकोनॉस' म्हणतो. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हाच शब्द पुरुषांबाबत आला की पुष्कळदा धर्मसेवक होतो, फिबीबाबत आला की केवळ चाकर.

दुसऱ्या तटाचीही बाजू आहे, आणि ती दुबळी नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा यास परवानगी नाही, असे स्पष्ट वाक्य आहे. करिंथकरांस पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे आहे. मात्र त्याच पत्रात तीन अध्याय आधी स्त्रियांनी प्रार्थना करताना व संदेश देताना डोके कसे झाकावे याचे नियम दिले आहेत, म्हणजे त्या बोलत होत्या हे उघड. येशूचे बारा प्रेषित पुरुष होते. कॅथॉलिक मंडळी या परंपरेला धरून आहे. स्त्रियांना याजकदीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नाहीच, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली जाहीर केले. प्रॉटेस्टंटांतही पुष्कळजण मानतात, की योग्यता समान, पण कामे वेगळी. हे सर्व लोक स्त्रीद्वेष्टे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते ग्रंथाशी प्रामाणिक राहू पाहतात. आमचा प्रश्न एवढाच, की तो नियम इफिस गावातील एका अडचणीपुरता होता की सर्वकाळासाठी, हे ठरविताना ज्यांच्यावर तो लागू व्हायचा त्यांना कोणी विचारले का?

रमाबाईंनी कोणी विचारण्याची वाट पाहिली नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात बसून खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर करू लागल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या; त्याआधी काम पुरे झाले होते, आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्याही मुक्तीतल्या स्त्रियाच. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या या बायका. यांपैकी कित्येकींनी टोळ्या करून गावोगाव प्रचार केला. पाळकपदाची दीक्षा रमाबाईंना मिळाली नाही. पण शेकडो माणसांचा संसार, छापखाना, शेती, शाळा आणि उपासना ज्यांच्या शब्दाने चालत, त्यांना नेतृत्व नव्हते असे कोण म्हणेल?

घरातले उदाहरण हवे असेल तर ते मराठी वाचकाच्या कपाटातच आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला न सांगता. 'मस्तक' या शब्दाचा रूढ अर्थ खरा मानला तर लक्ष्मीबाईंनी मागोमाग जावयास हवे होते. त्या गेल्या नाहीत. काही वर्षे दूर राहिल्या, आणि पुढे पतीकडे आल्या त्याही आपला धर्म व आपले सोवळे घेऊन. जातिभेद त्यांनी सोडला तो टिळकांच्या आज्ञेवरून नव्हे, तर हे भेद देवाने केले की माणसाने, असा स्वतःशी विचार करून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट होते, हे 'स्मृतिचित्रे'च्या पानोपानी दिसते. पण या एका बाबतीत त्यांनी जुलूम केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. टिळक १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

आता थोडे आपल्या मुलखाकडे. निजामाच्या राज्यात औरंगाबादेस रतनजी नौरोजी या पारशी धर्मोपदेशकांनी आणि जालन्याजवळ बेथेल येथे नारायण शेषाद्रींनी काम केले. त्यांची नावे इतिहासात आहेत. परंतु पडद्याच्या काळात पुरुष उपदेशकाला घराच्या ओसरीपलीकडे जाता येत नसे. आत जात असे ती बायबलबाई. अक्षरओळख तीच करून देई, आजाऱ्याला औषध तीच पाजी. ही बाई शिकवीत होती यात शंका नाही. फक्त त्याला 'शिकविणे' म्हणत नसत, 'मदत' म्हणत. शेजारच्या नगरात तर १८३९ पासून सिंथिया फेरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या होत्या आणि सावित्रीबाई फुल्यांचे अध्यापनाचे शिक्षणही त्यांच्याकडे झाले. कामावर बाई आणि पदावर पुरुष, ही वाटणी मिशनने चालविली, आणि मिशन गेले तरी ती राहिली. मुक्तिफौजेने मात्र आरंभापासून स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने अधिकारी केले. नगरच्या बूथ हॉस्पिटलात उपचार घेतलेली माणसे या सभागृहातही असतील. ते ज्यांच्या नावाचे, त्या एव्हँजेलिन बूथ १९३४ ते १९३९ या काळात सबंध जगातील मुक्तिफौजेच्या जनरल होत्या.

घरातील असमानता नुसत्या उपदेशात नव्हती, कायद्यातही होती. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. म्हणजे नुसता मार खाणे पुरेसे नव्हते! मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली हा भेद दूर केला आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. एकशे बत्तीस वर्षे लागली. कायदा बदलला, तरी मार खाऊन आलेल्या बाईला 'अधीन राहा, प्रार्थना कर' एवढेच सांगून परत धाडणारा उपदेशक कोठे ना कोठे असतोच. आम्हाला या वादाची निकड वाटते ती येथे. पाळकाचा झगा कोणी घालावा हा प्रश्न काही वर्षे थांबू शकेल. हा थांबू शकत नाही.

बाकी ठिकाणी पाऊल हळूहळू पडते आहे. दक्षिण भारतीय मंडळीने १९७६ साली स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ साली पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. १९७० साली नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीतही स्त्रिया पाळक झाल्या आहेत. कॅथॉलिक मंडळीत याजकपद नसले, तरी उपासनेत वाचक व वेदीसेवक या नेमणुका २०२१ पासून स्त्रियांना खुल्या आहेत. आणि ज्या इंग्लंडच्या मंडळीच्या बिशपांनी रमाबाईंना तरुणांना शिकवू नका म्हटले, तिने १९९४ साली स्त्रियांना याजकदीक्षा दिली; ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सेरा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. एक बाई त्या मंडळीच्या सर्व बिशपांत वरिष्ठ!

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या ग्रंथालयात मिळाला तर जरूर पाहावा. प्रारंभापासून वाचण्याचा धीर नसेल, तर १८८५ सालची पत्रे आधी काढावीत. बिशपांची आणि बाईंची, दोन्ही समोरासमोर ठेवून.