गाणारे कुटुंब आणि वाजविणारे हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा युनियनचा हा माणूस किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, मी गाण्यांवर बोलेन. संगीताचे शास्त्र मला येत नाही. सूर चुकला तर मला कळतो, परंतु त्याचे नाव मला सांगता येत नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर व वाचनालयात अधिक झाले आहे. परंतु गाण्याच्या तबकडीकडे पाहण्याची कामगाराचीही एक दृष्टी असते. त्या दृष्टीला पहिला प्रश्न सुचतो तो असा, की या मालाचे मस्टर कोठे आहे? त्या दिवशी कामावर कोण कोण होते?

हा प्रश्न एका तबकडीने अगदी उघडा करून ठेवला आहे. अमेरिकेत २५ सप्टेंबर १९७० रोजी एबीसी या वाहिनीवर 'द पार्ट्रिज फॅमिली' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. एक विधवा आई आणि तिची पाच मुले घराच्या गॅरेजमध्ये गाणी बसवितात, जुनी शाळेची बस रंगवून गावोगाव कार्यक्रम करीत हिंडतात, अशी तिची कथा. आईचे काम शर्ली जोन्स यांनी केले, थोरल्या मुलाचे डेव्हिड कॅसिडी यांनी. मालिकेच्या भागात कुटुंबाचे गाणे असावयाचे, आणि तेच गाणे तबकडीवर दुकानात मिळावयाचे. पहिली लाँग-प्ले तबकडी त्याच वर्षी निघाली. 'आय थिंक आय लव्ह यू' हे त्यांचे गाणे तर मालिका सुरू होण्याच्या आधीच बाजारात आले होते, आणि नोव्हेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन तीन आठवडे तेथे राहिले.

यातील व्यापाराची घडण नीट पाहा. मालिका काढणारी कंपनी, गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी आणि तबकडी विकणारी कंपनी, तिन्ही कोलंबिया पिक्चर्स या एकाच घरच्या. मालिका ही तबकडीची जाहिरात, आणि ती जाहिरात दाखविण्याचे पैसे साबण-बिस्किटे विकणारे प्रायोजक देणार! दुकानदार पाटीला पैसे मोजतो हे आपण पाहिले आहे; ज्या पाटीला दुसराच कोणी पैसे मोजतो अशी पाटी मात्र विरळा.

आणि आता मस्टर पाहू. पडद्यावर सहा जण गात आणि वाजवीत होते. त्यांपैकी ध्वनिमुद्रणात गाणारे दोनच, शर्ली जोन्स आणि डेव्हिड कॅसिडी. बाकीची मुले पडद्यावर हात हलवीत. मागचे स्वर रॉन हिकलिन आणि त्यांच्या सोबत्यांचे. ड्रम वाजविला हाल ब्लेन यांनी, बास गिटार जो ऑसबर्न यांची, पियानो लॅरी नेक्टल यांचा. ही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतली रोजची माणसे. सकाळी एका गायकाचे काम, दुपारी दुसऱ्याचे, रात्री तिसऱ्याचे. तबकडी विकली गेली ती मात्र जे कुटुंब जगात कधी जन्मासच आले नाही त्याच्या नावावर.

हा धडा त्यांनी चार वर्षे आधीच गिरविला होता. १९६६ साली त्याच घरातून 'द मंकीज' ही मालिका निघाली. चार तरुण निवडले, त्यांचा बँड जाहीर केला. ते गात होते, परंतु पहिल्या तबकडीत वाद्ये बहुतेक दुसऱ्यांनी वाजविली. त्या चौघांना ही गोष्ट बोचली. १९६७च्या आरंभी त्यांनी भांडण काढले, संगीतव्यवस्थेचे प्रमुख डॉन कर्शनर यांना जावे लागले, आणि मे महिन्यात 'हेडक्वार्टर्स' ही तबकडी निघाली. तीत चौघांनी मुख्यतः स्वतःच वाजविले, आणि तीही पहिल्या क्रमांकावर गेली. मग कर्शनर यांनी काय केले? त्यांनी 'आर्चीज' या कार्टून मालिकेची गाणी हाती घेतली. १९६९ साली 'शुगर, शुगर' हे गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गाणारा होता रॉन डांटे, पडद्यावर होती शाईने काढलेली पोरे. मालकाला यापेक्षा सोयीचा कामगार कोठे मिळणार? चित्रातली पोरे पगारवाढ मागत नाहीत, रजा घेत नाहीत, आणि संपावरही जात नाहीत.

आपण म्हणाल, हे सारे दूरदेशीचे. तसे नाही. भाईंदरहून चर्चगेटची गाडी पकडली तर पाचवे स्टेशन मालाड. तेथे बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ होता. १९४९ साली त्या कंपनीचा 'महल' हा चित्रपट आला. त्यातील 'आयेगा आनेवाला' हे गाणे देशभर गाजले. त्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी कोण? मधुबालाने केलेल्या भूमिकेचे नाव! म्हणजे पार्ट्रिज कुटुंबाच्या एकवीस वर्षे आधी आपल्याकडेही कल्पनेतल्या बाईच्या नावावर तबकडी विकली जात होती. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, ही गाणारी कोण? त्या विचारण्याने नाव बाहेर आले. पुढे लताबाईंनी हा प्रश्न सोडला नाही. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते, म्हणून त्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला, आणि १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झाले. आधी नाव, मग मान, मग मोबदला, अशी ही चढण आहे.

गायक ही चढण चढले. वादकाचे काय झाले? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी केलेले काम मोजता येणार नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवीत, संगीतरचना बांधीत. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना त्यांनी शिकविले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची अरेंजमेंट केली. हळदोण्याचे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट यांचे नाव जाणकारांना ठाऊक आहे, घरोघरच्या श्रोत्यांना नाही. साठ-सत्तर माणसे एका खोलीत बसून वाजवीत, आणि तबकडीवर नावे तीन किंवा चार. या वादकांनी आपली सिने म्युझिशियन्स असोसिएशन काढली, शिफ्टचे दर ठरविले, म्हणून निदान शिफ्टचा पैसा पक्का झाला.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. काम केले, शिफ्टचे पैसे घेतले, हिशेब मिटला. पुन्हा वाटा कशाचा? १९६०च्या दशकात रॉयल्टीचा वाद निघाला तेव्हा महंमद रफी यांच्यासारख्या सज्जन गायकाचे मतही असेच होते, आणि त्यावरून लताबाईंचे व त्यांचे काही वर्षे पटेनासे झाले होते. या आक्षेपाला मी माझ्या धंद्यातले उत्तर देतो. भाईंदरच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडत आली आहेत. पातेले एकदा विकले जाते. कामगाराने त्यावर केलेले पॉलिश दुसऱ्या पातेल्यावर आपोआप चढत नाही. दुसऱ्यासाठी त्याला पुन्हा बोलवावे लागते, पुन्हा मजुरी द्यावी लागते. तबकडीचे तसे नाही. वादकाने एकदा तीन तास वाजविले की ती मेहनत हजार वेळा, लाख वेळा विकता येते, आणि दर वेळी ती त्यालाच घरी बसविते. ज्या हॉटेलात, ज्या लग्नात तो वाजविणार, तेथे त्याचीच तबकडी लागते. आपल्या पोटावर येणारे यंत्र स्वतःच्या हाताने करून देणारा असा कामगार दुसरा नाही.

हे अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने ओळखले होते. १ ऑगस्ट १९४२ पासून त्यांचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. कंपन्यांनी वाद्यांविना, नुसत्या गायकांच्या घोळक्यावर गाणी काढून पाहिली. अखेर १९४३ साली एक मोठी कंपनी नमली, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये बाकीच्या दोन मोठ्या कंपन्या. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठराविक रक्कम एका निधीत जमा होऊ लागली, आणि तिच्यातून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी फुकट जलसे होऊ लागले. पार्ट्रिज कुटुंबाच्या तबकडीत ज्यांचे चेहरे दिसले नाहीत त्यांच्या पाठीशी ही युनियन आणि तिचे लेखी दर होते. पडद्यावर नसलेला माणूस कागदावर होता, हे विसरू नका.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात चित्रपटसंगीतावर निर्मात्याचा हक्क मान्य केला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टीप जोडून कायद्यात गायकाला स्थान नाही याकडे लक्ष वेधले. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क आला. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक आहेत. डोंबारी आणि गारुडी आहेत. आणि भाषण देणारा माणूसही आहे. म्हणजे आज सायंकाळी गारुड्याच्या शेजारी माझीही जागा आहे! २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगासाठी रॉयल्टीचा हक्क दिला, आणि कलावंताचे नाव सांगितले जाण्याचा हक्कही दिला.

परंतु त्याच दुरुस्तीत एक बारीक कलम आहे, आणि आजच्या भाषणाचा गाभा तेच आहे. चित्रपटात, आणि कायद्याच्या भाषेत मालिकाही त्यातच येते, ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा कोठेही दिले जात नाही, त्याला कलावंत समजावयाचे नाही. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरता हक्क तेवढा त्याला उरतो. दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात हे खरे. परंतु ज्याचे नाव नाही, त्याच्याविरुद्ध एक अट आयतीच पुरी झालेली असते. उरलेल्या एका अटीवर त्याने भांडत बसावयाचे. म्हणून नावाची यादी ही शोभेची वस्तू नव्हे. ती हजेरी आहे. मस्टरवर नाव नसलेल्या कामगाराचा दावा लेबर कोर्टात कसा लंगडा पडतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

आता आपल्या घरातल्या पडद्याकडे या. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली, आणि तिच्यावर 'आभाळमाया' मालिका आली. तिचे शीर्षकगीत मंगेश कुळकर्णी यांनी लिहिले, अशोक पत्की यांनी त्याला चाल दिली, देवकी पंडित यांनी ते गायिले. वाहिनीचे नाव पुढे बदलले, मालिका संपून कितीतरी वर्षे झाली, पण ते सूर लागले की आजही स्वयंपाकघरातून माणूस बाहेर येतो. ही तीन नावे आपल्याला ठाऊक आहेत, आणि ती ठाऊक असावीत हे योग्यच आहे. परंतु त्यात वाद्ये कोणी वाजविली, हे या सभेत कोणी सांगेल काय? तोच काळ असा होता की कीबोर्ड आणि संगणक आले आणि मुंबईतले मोठमोठे वाद्यवृंद उठले. पूर्वी निदान साठ माणसे स्टुडिओच्या दारात दिसत. आता एक-दोन माणसे बंद खोलीत काम करतात, आणि मोबाइलवर मालिका पाहताना नामावली सुरू झाली की पुढचा भाग लावण्याचे बटण समोर येते.

माझे सांगणे नुसते मुंबईच्या स्टुडिओंपुरते नाही. आपल्या डोंगरी-उत्तन-गोराईच्या पट्ट्यात लग्नाला बँड लागतो, आपल्या बोलीतली गाणी ध्वनिमुद्रित होतात, आणि ती घटकेत परदेशी गेलेल्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचतात. अशा प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एक साधा कागद करावा. तारीख, जागा, गाण्याचे नाव, आणि ट्रंपेटवाल्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत प्रत्येकाचे नाव व सही. गाणे लोकांपुढे ठेवताना ती यादी त्याच्याखाली लिहावी. याला वकील लागत नाही, खर्च लागत नाही. उद्या ते गाणे एखाद्या मालिकेने उचलले, तर हाच कागद बोलेल.

आणि श्रोत्यांनीही एक करावे. १९४९ साली कामिनी कोण, असे लोकांनी पत्र लिहून विचारले, म्हणून एक नाव जगाला कळले. आपण वाहिन्यांना, कंपन्यांना तसेच विचारावे, की हे कोणी वाजविले? युनियन दर ठरवू शकते, कायदा हक्क देऊ शकतो; परंतु हा प्रश्न ऐकणाऱ्यानेच विचारावयाचा असतो.